उघड्या गाडीची डावी सीट

अहो, तुमची गाडी अंगणात उभी आहे. माझ्या भावानं, सोपाननं, ती धरणावरून आणून लावली आणि कापडी टप चढवायचा राहून गेला. आता स्टिअरिंगवर चिमण्या येऊन बसतात. भेटायला येणारी माणसं आधी माझ्याकडं बघतात, मग तिच्याकडं. परवा कुणीतरी हळूच म्हणालं, "हीच ती." जणू तिनंच तुम्हाला नेलं.

शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, मेस्त्रींवर दोन शब्द लिहा, शोकसभेत वाचू. तुमचं गाव, तुमचं गॅरेज, तुमचा स्वभाव असं लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले. ते तर भोरच्या बाजारात कुणीही सांगेल. जे तुमच्या-माझ्यातच राहिलं ते हे आहे, आणि ते सभेत वाचता येणार नाही.

ही गाडी पहिल्यांदा कापूरहोळला आली ती टेम्पोच्या मागं, दोरीनं बांधलेली. पुण्याचा कुणी हौशी माणूस कोकणात निघाला होता, घाटात तिचं इंजिन जाम झालं. तुमच्या गॅरेजात ती ठेवून तो एसटीनं परत गेला आणि पुन्हा आला तो विकायलाच. मी त्या दिवशी डबा घेऊन आले होते. पिवळी, बुटकी, दोनच माणसांची गाडी. दारं एवढीशी. डोक्यावर कापडी टप, तोही गुंडाळून मागं टाकायचा. समोरच्या धाब्यावरच्या लोकांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, बोडकी. तुम्ही पोट धरून हसलात. मला हसू आलं नाही. सवाष्णीच्या दारात असल्या नावाची वस्तू आणू नये असं सासूबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं आणि माझं एकमत झालं.

तुम्ही मात्र तिच्या पायी वेडे झालात. तिचा इतिहास तुम्ही आपल्या घराण्याचा असल्यासारखा सांगायचात. चहाला कुणी बसलं की सुरुवात आजोबांपासून. संस्थानच्या काळात एक उघडी मोटार भोरच्या बाजारातून जायची आणि माणसं पागोटं सावरून कडेला उभी राहायची. आजोबा घरी येऊन म्हणायचे, वरून ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, पण गाडीतल्या माणसावर पडलं की त्याला हवा खाणं म्हणतात. मग तुम्ही पुढं सांगायचात की पुढं कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी मनात आलं, उघड्या गाडीत बसायला राजाच का असावं लागतं? मास्तरानं बसू नये? किराणावाल्यानं बसू नये? म्हणून गोव्याकडच्या एका छोट्या कारखान्यात ही गाडी निघाली. पत्र्याऐवजी फायबर, तेही माणसांनी साच्यावर हातानं थर देऊन केलेलं. इंजिन साधंसुधं, रोज भाजी आणायच्या गाडीला शोभेल असलं. दिसायला मात्र शर्यतीची.

"मग चालली का न्हाई वो ती?" ऐकणारा हमखास विचारायचा.

"पोरंबाळं कुठं बसवायची?" तुम्ही म्हणायचात. "आपल्याकडं गाडी घेतली की अख्खं घर बसवाय लागतं. त्यात पाऊस, धूळ, खड्डे. लोकांनी हात लावून बघितली, फोटो काढलं आन् घरी गेलं. थोड्याच निघाल्या, मग बंद."

त्या थोड्यांतली एक आपल्या वाट्याला आली याचं तुम्हाला केवढं अप्रूप! सुटे भाग मिळेनात तर तुम्ही ते लेथवर करून घेतलेत. टप फाटला तर मंडपवाल्याकडून ताडपत्री शिवून आणलीत. लांबलांबच्या गावांतून असल्याच गाडीचे मालक तुम्हाला फोन करायचे, आणि तुम्ही त्यांच्याशी असं बोलायचात जसं एका घरात दिलेल्या मुलींचे बाप बोलतात.

एकदा तुम्ही गोव्याला जाऊन आलात. त्या कारखान्यात कधीकाळी काम केलेला एक म्हातारा शोधून काढलात. परत आलात. रात्री जेवताना म्हणालात, "तो म्हणाला, ही गाडी एकट्यानं चालवायची न्हवं. एकटा बसला की तिचा तोल जातो. डाव्या सीटवर माणूस पायजे."

"मग बसवा की कुणाला."

"तू बस."

मी ताट उचलून आत गेले. तुमचं-माझं भांडण तिथून सुरू झालं आणि तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही.

मी का बसत नव्हते ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही ती गाडी न्यायचात ती वेल्ह्याच्या बाजूला, धरणाच्या कडेनं. रस्ता मोकळा असतो, वारा असतो, म्हणायचात. पण त्याच धरणात माझं माहेर गेलं. गुंजवण्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी, भाताची खाचरं, विहीर, दारातला फणस, सगळं. पाणी चढलं त्या वर्षी बाबा नव्या गावठाणात आले आणि तिथल्या कोऱ्या भिंतींकडं बघत बघत गेले. मी तेव्हाच ठरवलं होतं की ते पाणी बघायचं नाही. नातलगांनी बोलावलं, सोपाननं विनवलं, मी गेले नाही. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. माणसानं आपल्या घरावरचं पाणी बघायला जायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

तुम्ही म्हणायचात, "बघितलं की संपतं, सुमन."

मी म्हणायचे, "तुमचं काय गेलंय त्यात?"

मग तुम्ही एकटेच जायचात. डाव्या सीटवर पान्यांची पेटी आणि पाण्याचा कॅन.

पहिल्यांदा मला कोंडामावशीनं सांगितलं. ती वरच्या धनगरवाड्यातली. लहानपणी तिच्या शेरडांमागं मी रानभर हिंडलेली, त्यामुळं ती मला ओळखायला चुकेल असं नाही. भोरच्या बाजारात भेटली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"काय गं मावशी, रागावलीस?"

"मंग काय करू? काल हाका मारून मारून नरडं सुकलं माझं. तू मान वळवून बघितलं न्हाईस."

"काल? काल मी शाळेत होते."

"गाडीत व्हतीस की. जावयाच्या शेजारी. डोईवर पदर न्हाई, केस समदं वाऱ्यावर. म्या म्हणलं, सुमी अजून व्हती तशीच हाय, एक केस पिकला न्हाई."

माझे केस तेव्हा निम्म्याहून जास्त पांढरे झाले होते. मी ते बांधून, पिना लावून शाळेत जायचे.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कुठल्याही बायकोच्या मनात जे येईल तेच माझ्या मनात आलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, शेवटी उठलात आणि गाडीतली पान्यांची पेटी आणून माझ्यासमोर ठेवलीत. "ही बसती तिथं. हिला केस हायत का बघ."

आपण आठ-पंधरा दिवस बोललो नाही. मग सोपानचा फोन आला. त्याच्या आवाजात रुसवा होता.

"ताई, एवढी वाडीच्या पाण्यापर्यंत आलीस आणि घरी आली नाहीस?"

"मी कुठं आले?"

"आता माझ्याशी कशाला खोटं बोलतीस? दाजींनी गाडी कडेला लावली होती. तू सीटवरच बसलेली, पाण्याकडं तोंड करून. मी वरच्या बांधावरून बघितलं. तुला हाक मारत खाली उतरलो, तवर तू दिसंना. दाजी एकटेच बिडी ओढत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, ताई घरी हाय."

सख्खा भाऊ. उन्हं लख्ख होती, असंही तो म्हणाला. मी फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर किती तरी वेळ उभी राहिले, दाराची चौकट घट्ट धरून. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटून गेलं. तिच्याशी भांडता आलं असतं.

तुम्ही घरी आलात तेव्हा मी एकच विचारलं. "तुम्हाला दिसते का ती?"

तुम्ही हातपाय धुतलेत, पंच्याला पुसलेत. म्हणालात, "म्या रस्त्याकडं बघतो."

"हे उत्तर झालं का?"

"वळणाचा रस्ता हाय. बाजूला बघून गाडी चालवता येत न्हाई."

त्याच्या पुढं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, त्या दिवशीही आणि नंतरही. किती प्रकारे विचारलं मी! रागानं, गोडीनं, देवापुढं बसवून. आता कुणाला विचारू?

मग हाताचं झालं. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते, पाय मुरगळला होता म्हणून. तुम्ही त्या आठवड्यात बोडकी घेऊन रोज धरणावर जात होतात, नवा कार्ब्युरेटर बसवला होता तो बघायला. एका दुपारी बांगड्या काढून भांडी घासायला बसले आणि बघतच राहिले. माझा डावा हात रापला होता. ब्लाऊजच्या बाहीपासून बोटांपर्यंत, शेतात राबणाऱ्या बाईचा असतो तसा. बांगड्यांच्या जागी मात्र पांढरे पट्टे. उजवा हात होता तसाच, घरात बसलेल्या बाईचा.

डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, "बाई, उन्हात जाताना रुमाल बांधत चला."

तुम्ही तो हात हातात घेतलात. उलटा केलात, सुलटा केलात. मला वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "दुखतोय का?"

"नाही."

"मग असू दे."

"असू दे काय? माझं अंग माझ्याजवळ राहत नाही आणि तुम्ही असू दे म्हणता? ती गाडी विकून टाका. नाहीतर तो रस्ता सोडा."

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "ज्या दिवशी म्या तिकडं जाऊन येतो ना, त्या दिवशी सांजच्याला तू भाकरी करताना गाणं म्हणतीस. जात्यावरचं, तुझ्या आईचं. तुला कळत न्हाई, पण म्हणतीस. पाणी चढल्यापासनं तू गाणं बंद केलं व्हतंस. म्या दारात बसून ऐकतो. गाडी इकून टाकली तर ते कुठनं आणू?"

मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही गेलात तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवलं. पीठ मळलं, तवा टाकला, तिसरी भाकरी थापताना माझे ओठ हलत होते. आईच्या ओव्या. मधल्या काही मी विसरले होते असं मला वाटत होतं. त्या सगळ्या एकामागून एक येत होत्या. मी घाबरून थांबले. बाहेर पायरीवर तुम्ही पाठमोरे बसला होतात. तुम्हीही हलला नाहीत. मग मी पुन्हा म्हणायला लागले.

त्यानंतर मी गाडी विका म्हणाले नाही. भांडण मात्र चालू ठेवलं. कारण ते थांबवलं असतं तर मी हे सगळं मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि दिवसाढवळ्या, शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईनं असलं काही मान्य कसं करावं? तुम्ही निघताना विचारायचात, "येतीस?" मी म्हणायचे, "नाही." तुम्ही मान हलवायचात आणि जायचात. असं किती वर्षं चाललं. लोक म्हणत असतील, मेस्त्रींचं आणि बाईंचं पटत नाही. आपलं बरं चाललं होतं.

त्या दिवशीही तुम्ही विचारलंत, त्या दिवशीही मी नाही म्हणाले. दुपारी जेवण उरकून मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले. तेवढ्यात उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. झटकावं म्हणून हात नेला तर काही नव्हतं. वजन मात्र होतं. झोप लागलेलं माणूस एसटीत शेजारच्याच्या खांद्यावर कलंडतं, तसं. ते हळूहळू जड होत गेलं. मला का कुणास ठाऊक, हलावंसं वाटलं नाही. हललं तर झोपमोड होईल असं वाटत होतं. सूप मांडीवर तसंच राहिलं. उन्हं भिंतीवरून सरकून कोनाड्यात गेली तरी मी तशीच बसलेली. मग सोपानचा फोन वाजला, आणि वाजतच राहिला.

तुम्ही धरणाच्या कडेला गाडी लावली होती. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, फार त्रास झाला नसेल. सगळे तेच म्हणतात, बायकोला बरं वाटावं म्हणून. मला खरं काय ते कोंडामावशीकडून कळलं. ती काठी टेकत भोरला आली, माझ्यासमोर बसली आणि कितीतरी वेळ माझ्याकडं नुसती बघत राहिली.

"सुमे, तू हितं कवा आलीस?"

"मी इथंच होते, मावशी. फोन आला तेव्हा इथंच होते."

तिनं मान हलवली. "म्या शेरडं घिऊन वरून उतरत व्हते. गाडी बघितली, तुमाला दोघास्नी बघितलं. जावयाचं डोकं तुझ्या खांद्यावर. तू त्यांच्या केसातनं हात फिरवत व्हतीस. म्या म्हणलं, म्हातारपणी का हुईना पोरीला सुख हाय. आमी असं उघड्यावर कधी बसलो न्हाई. म्हणून लाजून दुसऱ्या वाटंनं गेले. गेले नसते तर..." ती रडायला लागली.

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "तू गेलीस ते बरं केलंस."

अहो, मला तुमचा राग येतो. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? दिसते म्हणाला असतात तरी चाललं असतं, दिसत नाही म्हणाला असतात तरीही. आणि त्याच वेळी मला वाटतं, किती वर्षं तुम्ही माझ्या एका तुकड्याला माहेरी नेऊन आणत राहिलात, आणि मला त्याचा हिशेब कधी विचारला नाहीत. कुठला नवरा असं करतो? मी घरी बसून तुम्हाला बोल लावत होते आणि शेवटच्या घटकेला मीच तुमच्याजवळ होते. दोन्ही खरं आहे. मला या दोन्हींत बसून राहायला अजून जमत नाही.

काल मी सोपानला म्हटलं, मला पाण्यावर ने. बोडकीतून. त्यानं किल्ली घेतली. मी डाव्या बाजूला दार उघडून बसले, आयुष्यात पहिल्यांदा. पान्यांची पेटी त्यानं आधीच काढली होती. सीटवरचं रेक्झिन मधोमध झिजून मऊ झालं होतं आणि त्याला बसलेल्या माणसाचा खळगा पडला होता. मी त्यात अगदी बरोबर मावले. सोपाननं ते बघितलं आणि पटकन गाडी चालू केली.

नसरापूर सोडलं आणि पदर डोक्यावरून पडला. पिना निसटल्या. मार्गासनीच्या पुढं राजगड दिसायला लागला तेव्हा माझे सगळे केस तोंडावर येत होते आणि मी ते आवरले नाहीत. तुम्ही म्हणायचात ते खरं होतं. उघड्या गाडीत डोंगर नुसता दिसत नाही, अंगावर येतो.

धरणाच्या कडेला सोपाननं इंजिन बंद केलं. मी उतरले. पाणी बरंच उतरलेलं. आमच्या खाचरांचे बांध चिखलातून वर आले होते, पायऱ्यांसारखे. फणसाचं खोड काळं पडून उभं होतं. मला वाटलं होतं, बघितल्यावर ऊर फुटेल. तसं झालं नाही. मी बाबांचं नाव घेऊन रडले, मग तुमचं घेऊन रडले, आणि मग नुसतीच बसले. दुपार कलत होती. वारा थांबला होता.

तेव्हा समोरच्या काठावरून इंजिनाचा आवाज आला. आपल्या गाडीचा. मी मागं वळून बघितलं, ती तिथंच उभी होती, किल्ली सोपानच्या हातात. आवाज पलीकडून येत होता. तिकडं वाडीचा जुना रस्ता अजून आहे, झुडपांतून उतरतो आणि सरळ पाण्यात जातो. त्या रस्त्यानं पिवळं काहीतरी खाली येत होतं. सावकाश, वळणं जपत, तुम्ही चालवायचात तसं. टप उघडा. आत दोन माणसं. उजवीकडचा माणूस समोर रस्त्याकडं बघत होता. डावीकडचीचे काळे केस उडत होते, वारा नसतानाही. ती त्याच्याकडं तोंड करून काहीतरी बोलत होती, हसत होती. गाडी पाण्याच्या रेषेपाशी आली. थांबली नाही. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही. आवाज तेवढा खालून येत राहिला, वाडीच्या बाजूनं, आणि मग घरापाशी बंद करतात तसा बंद झाला.

सोपान माझा दंड धरून उभा होता.

"ताई, दाजी व्हतं ना ते?"

"हो."

"आन् बाजूला कोण व्हतं?"

मी पाण्याकडं बघत राहिले. "ओळखीची होती," मी म्हणाले.

अहो, तिला सांभाळा. बाबा दारात असतील, त्यांना आधी हाक मारा, एकदम समोर जाऊ नका, ते दचकतात. आणि पायरी उतरताना तिचा हात धरा. तिला पाण्याची फार भीती वाटते.